नसण्याची नोंद

एखाद्या फंक्शनचा टाइप म्हणजे त्याने वापरणाऱ्याला दिलेला शब्द असतो. 'खाते क्रमांक द्या, खातेदार देतो' असे फंक्शनने सांगितले, तर खातेदार मिळणारच असे धरून पुढचा कोड लिहायला हरकत नसावी. पण त्या क्रमांकाचे खातेच नसेल तर? बहुतेक लोकप्रिय भाषांमध्ये कित्येक वर्षे याचे उत्तर एकच होते: अशा वेळी फंक्शन नल परत करते, आणि टाइपमध्ये त्याचा उल्लेखही नसतो. हा नल लगेच त्रास देत नाही. तो एका व्हेरिएबलमधून दुसऱ्यात जातो, एखाद्या यादीत बसतो, कॅशमध्ये मुक्काम करतो. मग भलत्याच फाइलमध्ये कोणीतरी त्या 'खातेदारा'चे नाव मागते आणि प्रोग्रॅम कोसळतो. चूक झाली एका जागी, दिसली दुसऱ्याच जागी. मधल्या वाटेवर ज्या ज्या फंक्शनमधून तो नल गेला, त्यांपैकी एकाच्याही टाइपवरून त्याचा माग लागत नाही.

फंक्शनल प्रोग्रॅमिंगच्या परंपरेने या प्रश्नाला दिलेले उत्तर ओळीभराचे आहे: एखादी व्हॅल्यू नसण्याची शक्यता असेल तर ती टाइपमध्येच लिहा. हास्केल आणि एल्म या भाषांत अशा टाइपला मेबी म्हणतात, स्टँडर्ड एमएल, ओकॅमल, स्काला, रस्ट यांत ऑप्शन, स्विफ्टमध्ये ऑप्शनल. मी सगळीकडे ऑप्शन म्हणणार आहे. त्याची दोन रूपे असतात. एकात व्हॅल्यू असते, दुसऱ्यात काहीच नसते. प्रत्येक भाषेत या रूपांची नावे निराळी आहेत, म्हणून इथे मी त्यांना सरळ 'आहे' आणि 'नाही' म्हणतो. उत्तर ओळीभराचे असले तरी त्याचे परिणाम दूरवर जातात. ते नीट समजून न घेता ऑप्शन वापरला, तर नलच्या जागी नवे नाव येते आणि जुनी सवय तशीच राहते. हे टाळायचे असेल तर ऑप्शनमागचा विचार मुळापासून पाहावा लागतो.

नलची गोष्ट १९६५ सालापासून सांगतात. टोनी होअर तेव्हा निकलाउस विर्थ यांच्याबरोबर अल्गॉल डब्ल्यू या भाषेच्या रचनेवर काम करत होते. क्विकसॉर्टचे जनक म्हणून होअर आपल्याला माहीत असतात. त्यांचा स्वभाव मात्र १९६५ च्या आधीच्या एका कामात जास्त स्पष्ट दिसतो. एलियट कंपनीच्या संगणकासाठी अल्गॉल ६० चा कंपायलर लिहिताना त्यांनी ॲरेचा प्रत्येक निर्देशांक हद्दीत आहे की नाही हे प्रोग्रॅम चालू असताना तपासायची सोय ठेवली होती. वेग महाग होता त्या काळात त्यांनी सुरक्षितता निवडली होती. त्याच माणसाने रेफरन्ससाठी टाइप-व्यवस्था आखताना नल रेफरन्सला जागा दिली. तो अमलात आणणे फार सोपे होते, एवढेच कारण त्यांनी नंतर दिले. २००९ मध्ये लंडनच्या क्यूकॉन परिषदेत त्यांनी ही आपली अब्ज डॉलरची चूक म्हणून जाहीरपणे मान्य केली.

या कबुलीचा उल्लेख पुष्कळ जण करतात. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते चुकीचे नेमके स्वरूप. 'काहीच नाही' असे सांगायची सोय देण्यात चूक नव्हती; ती सोय कोणत्याही भाषेला लागतेच. प्रत्येक रेफरन्सला ती न मागता चिकटली, ही चूक. खातेदार हा टाइप लिहिला की 'खातेदार किंवा काहीच नाही' असा अर्थ आपोआप झाला, आणि 'खातेदार, नक्की' असे म्हणायला भाषेत शब्दच उरला नाही. वाचणाऱ्याला मग दोनच वाटा राहतात: प्रत्येक ठिकाणी तपासा, किंवा विश्वास ठेवा. पहिलीने कोड तपासण्यांनी भरून जातो, आणि त्यातली कोणती तपासणी खरोखर गरजेची आहे हे कोणालाच सांगता येत नाही. दुसरीने प्रोग्रॅम कोसळतात.

दुसरी परंपरा एडिनबरोची. १९७० च्या दशकात रॉबिन मिल्नर आणि त्यांचे सहकारी तिथे एलसीएफ ही प्रमेये सिद्ध करण्याची प्रणाली बांधत होते, आणि तिच्यासाठीच एमएल भाषा जन्मली. त्या प्रणालीत 'प्रमेय' हा एक टाइप होता. त्या टाइपची व्हॅल्यू तर्काच्या मान्य नियमांनीच तयार होऊ शकायची. म्हणजे टाइपने दिलेला शब्द मोडला, तर खोटे विधान प्रमेय म्हणून बाहेर पडले असते. टाइप खरे बोललेच पाहिजेत ही अट या भाषेच्या जन्मातच होती. पुढे १९८० मध्ये रॉड बर्स्टॉल, डेव्हिड मॅक्वीन आणि डॉन सॅनेला यांची होप ही भाषा आली. तिच्यात टाइपची रूपे एकेक करून लिहायची आणि त्याच रूपांनुसार फंक्शनची उत्तरे द्यायची, ही पद्धत ठसठशीत झाली. ती स्टँडर्ड एमएलमध्ये आणि पुढे हास्केलमध्येही आली.

ही पद्धत हाती आल्यावर ऑप्शनसाठी भाषेत वेगळे काही घालावे लागत नाही. दोन रूपांचा एक साधा टाइप, व्याख्या एका ओळीची. माइक स्पायव्ही यांनी १९९० मध्ये एक्सेप्शनचा फंक्शनल सिद्धांत मांडताना हाच टाइप वापरला होता. त्याआधी १९८५ मध्ये फिलिप वॅडलर यांनी अपयशाच्या जागी यशांची यादी परत करण्याची युक्ती मांडली होती: यादी रिकामी म्हणजे अपयश. त्या नजरेने पाहिले तर ऑप्शन म्हणजे जास्तीत जास्त एकच घटक असू शकेल अशी यादी. नवशिक्याला समजावताना ऑप्शनला डबा म्हणायची पद्धत आहे: डबा उघडा, आत काही आहे का बघा. मला ही उपमा अपुरी वाटते. डब्याचे झाकण न उघडताही तो पुढे सरकवता येतो आणि आत काय असेल याचा विचार टाळता येतो. ऑप्शनचे सामर्थ्य नेमके उलटे आहे. आतली व्हॅल्यू हवी असेल तर पॅटर्न मॅचिंगमध्ये दोन्ही रूपांना उत्तर लिहावे लागते, आणि एक राहिले तर कंपायलर सांगतो.

टाइपकडे मोजणीच्या नजरेने पाहिले की गोष्ट आणखी स्वच्छ होते. बूलियन टाइपच्या व्हॅल्यू दोन: खरे आणि खोटे. बूलियनच्या ऑप्शनच्या तीन: 'आहे' सोबत खरे, 'आहे' सोबत खोटे, आणि 'नाही'. ऑप्शन म्हणजे मूळ टाइपमध्ये एकाची बेरीज. ही बेरीज टाळता येत नाही, हे फंक्शनल भाषांशी काही संबंध नसलेल्या लोकांनाही कळले होते. सी भाषेतले गेटचार फंक्शन एक बाइट वाचते, पण त्याचा टाइप कॅरेक्टर नसून इंटिजर आहे. बाइटच्या शक्य व्हॅल्यू २५६, आणि फाइल संपली हे सांगायला आणखी एक हवी. २५७ गोष्टी आठ बिटांत मावत नाहीत, म्हणून मोठा टाइप. ज्याने हे लक्षात न घेता उत्तर कॅरेक्टर व्हेरिएबलमध्ये साठवले, त्याचा प्रोग्रॅम काही यंत्रांवर २५५ हा बाइट आला की फाइल संपली असे समजून मध्येच थांबतो; इतर यंत्रांवर फाइल संपली तरी थांबत नाही. सीच्या रचनाकारांना बेरीज माहीत होती. ती लिहायला भाषेत जागा नसल्यामुळे एका ऋण संख्येला त्यांनी विशेष अर्थ दिला, आणि तो अर्थ पाळण्याची जबाबदारी वाचणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर टाकली.

ही बेरीज पुन्हा पुन्हा करता येते, आणि तिथे ऑप्शन व नल यांच्यातला खरा फरक उघडा पडतो. बूलियनच्या ऑप्शनच्या ऑप्शनला चार व्हॅल्यू असतात, कारण सर्वांत बाहेरचा 'नाही' आणि 'आहे'च्या आतला 'नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यांदा हे कोरड्या गणितासारखे वाटते. आता कॅशचे उदाहरण घ्या. बँकेच्या खातेदाराचा नॉमिनी कोण, हे डेटाबेसमधून पुन्हा पुन्हा आणावे लागू नये म्हणून आपण कॅश ठेवतो. नॉमिनी नेमलेला असतो किंवा नसतो, म्हणजे तो आधीच ऑप्शन. कॅशमध्ये नोंद असते किंवा नसते, म्हणजे वर आणखी एक ऑप्शन. 'कॅशमध्ये काही नाही' म्हणजे डेटाबेसला विचारा. 'कॅशमध्ये आहे, आणि नॉमिनी नाही' म्हणजे विचारू नका, उत्तर माहीत आहे. जावाच्या मॅपमधले गेट फंक्शन किल्ली नसली तरी नल देते आणि किल्लीपुढे नल साठवलेला असला तरीही नलच देते. दोन्ही परिस्थिती एकच दिसतात. मग ज्यांनी नॉमिनी नेमलेला नाही त्यांच्यासाठी प्रत्येक वेळी डेटाबेसला फेरी पडते आणि कॅश असून नसल्यासारखी होते. प्रोग्रॅम कोसळत नाही, टेस्ट नापास होत नाही, फक्त सगळे हळू चालते. असा दोष सापडायला महिने जाऊ शकतात.

वेब सेवांमध्येही हेच प्रकरण वेगळ्या वेशात भेटते. आरएफसी ७३९६ मध्ये जेसनच्या अंशतः बदलासाठी ठरवलेला नियम असा: फील्ड पाठवलेच नाही तर जुनी व्हॅल्यू तशीच ठेवा, नल पाठवला तर ती काढून टाका, व्हॅल्यू पाठवली तर ती लावा. तीन हेतू आहेत. ज्या भाषेत 'पाठवले नाही' आणि 'नल पाठवला' हे वाचताक्षणीच एक होतात, तिथे ग्राहकाने आपला पत्ता बदलायला विनंती पाठवावी आणि तिच्यात नसलेला मोबाइल नंबर नोंदीतून पुसला जावा, असे घडते.

आता त्याच नॉमिनीला एसएमएस पाठवायचा आहे असे धरू. खाते क्रमांकावरून खातेदार शोधायचा, खातेदारावरून नॉमिनी, नॉमिनीवरून मोबाइल नंबर. तिन्ही पायऱ्यांवर उत्तर 'नाही' येऊ शकते. नलच्या जगात एकात एक अशा तीन तपासण्या लिहाव्या लागतात, आणि मुख्य काम शेवटच्या कंसात उजवीकडे सरकून बसते. ऑप्शनच्या जगात इथे फ्लॅटमॅप कामाला येते. हास्केलमध्ये त्याला बाइंड म्हणतात. ते एवढेच करते: मागच्या पायरीचे उत्तर 'आहे' असेल तर आतली व्हॅल्यू पुढच्या फंक्शनला दे; 'नाही' असेल तर पुढचे काहीही न करता 'नाही' परत कर. तीन पायऱ्या एका साखळीत बसतात. तपासणी गेलेली नाही. ती एकदाच, फ्लॅटमॅपच्या व्याख्येत, लिहिली गेली आहे, म्हणून साखळीतल्या कोणत्याही पायरीवर ती विसरता येत नाही. पुढची पायरी कधीच नापास होणारी असेल, उदाहरणार्थ नंबरातली मोकळी जागा काढून टाकणे, तर नुसते मॅप पुरते.

यूजेनियो मोज्जी यांनी १९८९ मध्ये अशा साखळ्यांमागची गणिती रचना, मोनॅड, प्रोग्रॅमच्या अर्थविचारात आणली आणि वॅडलर यांनी ती फंक्शनल प्रोग्रॅमरच्या रोजच्या लिखाणात आणून बसवली. मोनॅड हा शब्द ऐकून अनेक जण पुस्तक मिटतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. ऑप्शनची साखळी ज्याला कळली त्याला पहिला मोनॅड कळलेला असतो. नाव नंतर शिकले तरी चालते. त्याच्याबरोबर येणारे नियम मात्र लगेच उपयोगाचे आहेत. एक नियम असा: आधी एका फंक्शनने मॅप करून मग दुसऱ्याने मॅप करणे, आणि दोन्ही फंक्शन जोडून एकदाच मॅप करणे, यांचे उत्तर सारखेच आले पाहिजे. या नियमाच्या भरवशावर आपण कोड निर्धास्त बदलतो. २०१४ मध्ये जावा ८ मध्ये आलेल्या ऑप्शनलमध्ये हा नियम एका कोपऱ्यात मोडतो. मॅपला दिलेल्या फंक्शनने नल परत केला तर जावा त्याचा गुपचूप 'नाही' करते. त्यामुळे नल हाताळू शकणारे दुसरे फंक्शन वेगळ्या पायरीवर असेल तर त्याच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही, आणि जोडून लिहिले असेल तर पोहोचते. जावाच्या बाजूने सांगायचे तर तिच्या रचनाकारांनी हा टाइप मुख्यतः मेथडच्या परतीच्या उत्तरासाठी म्हणून दिला. नल भाषेत शिल्लक असताना यापेक्षा फार काही करता येण्यासारखे नव्हते.

साखळीच्या शेवटी प्रश्न उरतोच: 'नाही' आले तर काय? इथे बहुतेकांचा हात पर्यायी व्हॅल्यू देणाऱ्या फंक्शनकडे जातो. नाव नसेल तर रिकामी अक्षरे, रक्कम नसेल तर शून्य, तारीख नसेल तर आजची. कोड एका ओळीत संपतो आणि कंपायलरचे समाधान होते. माझ्या मते ऑप्शन वापरणाऱ्यांकडून सर्वाधिक नुकसान होते ते इथे.

महाराष्ट्रात एका पिढीतल्या असंख्य माणसांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे. घरी जन्माची नोंद नसायची. मूल शाळेत घालताना गुरुजी वयाचा अंदाज घेऊन वर्ष धरायचे, आणि शाळा जूनमध्ये सुरू होत असल्यामुळे तारीख १ जून लिहायचे. रजिस्टरमध्ये तो रकाना भरणे भाग होते आणि मुलाला प्रवेश मिळायला हवा होता. त्या क्षणी गुरुजींनी मुलाचे भलेच केले. पण 'माहीत नाही' ही गोष्ट त्या रजिस्टरमध्ये लिहायला जागा नव्हती, म्हणून ती कायमची पुसली गेली. आता दाखल्यावर १ जून दिसली तर ती खरी की भरलेली, हे दाखल्यावरून सांगता येत नाही. परिणाम सरकारी कचेऱ्यांत अजून दिसतात: दरवर्षी ३१ मे रोजी निवृत्त होणाऱ्यांची मोठी रांग लागते. 'नाही'च्या जागी पटण्याजोगी व्हॅल्यू भरली की माहिती जाते आणि ती परत आणायला मार्ग राहत नाही. वेडीवाकडी व्हॅल्यू भरली असती तर निदान कोणाला तरी शंका आली असती.

पावसाच्या नोंदींत हेच आकड्यांनी दिसते. एका दिवशी पाच केंद्रांवरून पर्जन्यमापकाच्या नोंदी यायच्या आहेत. आल्या चार: ४०, ६०, ५० आणि ३० मिलिमीटर, पाचव्या केंद्राचे उपकरण बंद होते. न आलेल्या नोंदीच्या जागी शून्य धरले तर सरासरी ३६, आलेल्या चारांचीच काढली तर ४५. शून्य पाऊस आणि न मोजलेला पाऊस यांत हा नऊ मिलिमीटरचा फरक आहे. बरोबर उत्तर मात्र ४५ च, असेही मी म्हणणार नाही. एखाद्या अहवालाला सगळ्या केंद्रांची नोंद असल्याशिवाय सरासरी देणेच मान्य नसेल, तिथे उत्तर 'नाही' हेच बरोबर. फंक्शनल भाषांत हे दोन्ही निर्णय दोन वेगळ्या फंक्शनांनी लिहिले जातात. ऑप्शनच्या यादीतून फक्त 'आहे' ठेवणारे एक, आणि सगळे 'आहे' असतील तरच यादी देणारे, नाहीतर 'नाही' म्हणणारे दुसरे. या दुसऱ्याला सीक्वेन्स म्हणतात. कोड वाचणाऱ्याला कोणते धोरण पाळले आहे हे फंक्शनच्या नावावरून कळते. शून्य भरणाऱ्या कोडमध्येही धोरण असतेच, फक्त ते कोणी ठरवलेले नसते.

डेटाबेसवाल्यांनी या प्रश्नाशी आधीच झुंज घेतली होती. एडगर कॉड यांनी १९७९ च्या निबंधात नलसाठी तीन मूल्यांचे तर्कशास्त्र मांडले: खरे, खोटे आणि अज्ञात. एसक्यूएलमध्ये ते आले. तिथे नल आणि नल यांची तुलना केली तर उत्तर 'खरे' येत नाही, अज्ञात येते. तत्त्व म्हणून ते योग्यच आहे. दोन माणसांची जन्मतारीख माहीत नाही म्हणून ती सारखी ठरत नाही. पण हे अज्ञात क्वेरीभर न सांगता पसरते. 'नॉट इन'च्या यादीत एकच नल शिरला तरी क्वेरी एकही ओळ परत करत नाही, आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही. सरासरी काढताना मात्र तोच नल मुकाट्याने वगळला जातो. ख्रिस डेट यांनी अनेक वर्षे नलविरुद्ध लिहिले ते यामुळेच. डेटाबेसमधून ओळ वाचताना प्रत्येक नल होऊ शकणाऱ्या रकान्याचा ऑप्शन करणे ही शिस्त मला म्हणूनच अत्यावश्यक वाटते. एसक्यूएलचे अज्ञात आपल्या प्रोग्रॅमच्या दारातच ओळखले गेले पाहिजे.

अलीकडच्या भाषांनी हा विचार आपापल्या परीने स्वीकारला आहे. स्विफ्टने २०१४ मध्ये, कॉटलिनने २०१६ मध्ये पहिल्याच आवृत्तीत. टाइपस्क्रिप्ट, सी शार्प आणि डार्ट यांनी नंतर, चालू घरात भिंती हलवाव्यात तशा कष्टाने. यांतल्या कॉटलिन आणि टाइपस्क्रिप्टने वेगळा रस्ता घेतला: ऑप्शन न देता टाइपवरच 'नल असू शकतो' अशी खूण. लिहायला हे फार सोयीचे आहे. पण खुणेवर खूण बसत नाही, त्यामुळे वरच्या कॅशच्या उदाहरणातले दोन 'नाही' तिथे पुन्हा एक होतात. रोजच्या नव्वद टक्के कामाला ही सोय पुरेल हे मला मान्य आहे. सर्वसामान्य लायब्ररी लिहिणाऱ्याला ती पुरत नाही.

रस्टमधली एक गोष्ट मला विशेष आवडते. तिथे रेफरन्सच्या ऑप्शनला नुसत्या रेफरन्सइतकीच जागा लागते. रेफरन्स शून्य पत्त्यावर कधीच नसतो ही खात्री कंपायलरजवळ असल्यामुळे तो पत्ता 'नाही'साठी वापरला जातो. यंत्राच्या पातळीवर हा होअर यांचाच नल आहे, तितकाच स्वस्त. फरक इतकाच, की प्रोग्रॅमरला तो हाताळताच येत नाही. त्याच्यासमोर दोन रूपांचा टाइप येतो. १९६५ मध्ये नल स्वीकारण्यामागे जे अमलबजावणीच्या सोपेपणाचे कारण होते, ते सुरक्षितता न सोडताही मिळवता येते याचा हा पुरावा आहे.

तरीही ऑप्शन सगळीकडे पेरायचा नसतो. 'नाही' हे उत्तर कारण सांगत नाही. एसएमएस गेला नाही तो खाते चुकीचे होते म्हणून, नॉमिनी नेमला नव्हता म्हणून, की नंबर नव्हता म्हणून? काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला तिन्हींसाठी वेगळे वागायचे आहे. तिथे रिझल्ट किंवा ईदर हा टाइप हवा, ज्याच्या दुसऱ्या रूपात कारण साठवता येते. साखळी तशीच राहते, फक्त माहिती वाढते. दुसरा धोका ऑप्शनने भरलेल्या रेकॉर्डचा. ऑर्डरच्या रेकॉर्डमध्ये पैसे भरल्याची तारीख, पाठवल्याची तारीख आणि रद्द करण्याचे कारण ही तिन्ही ऑप्शन असली, तर असणे-नसणे यांच्या आठ जुळण्या होतात. आधी पैसे घेणाऱ्या दुकानात त्यांतल्या काहींना अर्थच नाही: पैसे न भरता पाठवलेली ऑर्डर, किंवा पाठवून झाल्यावर रद्द केलेली. टाइप त्या सगळ्या चालवून घेतो. इथे ऑर्डरच्या अवस्थाच टाइपची रूपे म्हणून लिहाव्यात: नोंदवलेली, पैसे भरलेली, पाठवलेली, रद्द झालेली, आणि प्रत्येक रूपात त्या अवस्थेला लागणारीच माहिती. ऑप्शन दिसेनासे होतात आणि अशक्य अवस्था लिहिताच येत नाही. ओकॅमलच्या वर्तुळात यॅरन मिन्स्की यांनी या विचाराचा आग्रह धरला आणि तो इतर भाषांत पसरला.

याला जोडूनच २०१९ मध्ये ॲलेक्सिस किंग यांनी मांडलेला मुद्दा येतो, जो मला या साऱ्या विषयाचा कणा वाटतो. नुसती तपासणी केली की तिचे फळ त्याच ओळीत संपते. यादी रिकामी नाही हे वर तपासले, पण टाइप 'यादी' हाच राहिला, तर खाली पहिला घटक मागताना पुन्हा ऑप्शन येतो आणि माणूस वैतागून जबरदस्तीने व्हॅल्यू बाहेर काढतो. हास्केलमध्ये फ्रॉमजस्ट, स्कालात गेट, रस्टमध्ये अनरॅप, स्विफ्टमध्ये उद्गारचिन्ह अशी ती जबरदस्तीची दारे आहेत. एल्मच्या मूळ लायब्ररीत ते दार ठेवलेलेच नाही. त्याऐवजी तपासणीचे फळ टाइपमध्ये उतरवावे: यादी घेऊन 'रिकामी नसलेल्या यादी'चा ऑप्शन देणारे एकच फंक्शन दारात बसवावे. तिथे 'नाही' आले तर तिथेच, वापरणारा समोर असताना, काय करायचे ते ठरवता येते. 'आहे' आले तर आतल्या सगळ्या कोडला पहिला घटक नक्की मिळतो, आणि ऑप्शनची गरजच राहत नाही. हास्केलच्या जीएचसी कंपायलरने ९.८ आवृत्तीपासून साध्या यादीवरच्या हेड फंक्शनबद्दल इशारा द्यायला सुरुवात केली, कारण रिकाम्या यादीवर ते कोसळते. रिकामी नसलेल्या यादीवरच्या हेडला असा इशारा लागत नाही.

म्हणून मी ऑप्शनकडे प्रवासात असलेल्या माहितीसारखे पाहतो. बाहेरच्या जगातून ती येते तेव्हा 'नाही'ची शक्यता तिच्यासोबत उघडपणे यावी. ज्याला पुरेशी माहिती आहे अशा जागी ती पोहोचेपर्यंत कोणी तिला घाईने शून्य किंवा रिकामी अक्षरे देऊ नयेत. पोहोचल्यावर मात्र निर्णय व्हावा, आणि निर्णयानंतर टाइपमधून ती शक्यता निघून जावी. ही जागा कोणती, हे कंपायलर सांगू शकत नाही. नॉमिनी नसेल तर काय करायचे हे बँकेचे नियम जाणणाऱ्यालाच ठरवायचे आहे, पाऊस मोजला गेला नसेल तर काय करायचे हे हवामानाच्या नोंदी वापरणाऱ्याला. टाइप फक्त तो प्रश्न त्यांच्यापर्यंत न हरवता पोहोचवतो.

पुढची प्रकरणे समजायला हास्केल येत असण्याची गरज नाही. कोणत्याही एका भाषेत काही काळ काम केलेले असणे पुरे. वाचताना स्वतःच्या कोडमधले एखादे फंक्शन शेजारी उघडून ठेवावे, शक्यतो असे की जे कधी कधी नल, उणे एक किंवा रिकामी अक्षरे परत करते. त्याचा टाइप आधी बदलावा आणि कंपायलर कुठे कुठे तक्रार करतो ते पाहावे. ज्या ओळींवर तो अडेल, त्या ओळींपासून या विषयाचा अभ्यास सुरू होतो.